भिंतीभिंतीवर माझेच डोळे

मासे साफ केल्यावर हात कितीही घासून धुवा, कोपराजवळ एखादं खवल चिकटलेलं राहतंच. दुकानाच्या बाकड्यावर बसून राहणाऱ्या माणसाचं तसंच होतं. दिवसभर नको ते ऐकायचं, नको ते बघायचं, घरी येऊन आंघोळ करायची, तरी एखादा किस्सा अंगाला राहतोच! माझ्या अंगावर अशी बरीच खवलं जमलीत. आज खरवडतो. वास आला तर नाक धरा.

माझं शिक्षण चौथी नापास. पण मालवण बंदरातल्या निम्म्या होड्यांवरची नावं माझ्या हातची. होड्या, दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं मी रंगवलं. सुविचार एकही पाळला नाही, ती गोष्ट वेगळी! मग हात थरथरायला लागले आणि त्याच सुमाराला ते फ्लेक्स आलं. दोघांनी मिळून मला घरी बसवला. माझा मुलगा मस्कतला. तो तिकडून फोन करतो, इकडे येत नाही. त्याची बायको वीणा कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. तिने माझ्या रंगाच्या खोपीत कॉम्प्युटर मांडला, आणि मला बाहेर बाकडं दिलं. म्हणाली, "बाबा, तुमी हयसर बसा. गिऱ्हायकांका वाटांदे, दुकान जुना आसा."

ती करायची त्या कामाचं नाव व्हेक्टर. म्हणजे काय, तर माणसाचा फोटो घ्यायचा, माउसने त्याच्यावरून रेघा ओढायच्या आणि रेघांच्या आत सपाट रंग भरायचे. कपाळ एक तुकडा, गाल एक तुकडा, मिशी वेगळी, डोळे वेगळे. असं चित्र किल्ल्याएवढं मोठं केलं तरी फाटत नाही, नखाएवढं केलं तरी चेहरा तोच. पुण्याचे नि गोव्याचे वेबसाइट बनवणारे तिच्याकडून असली चित्रं करून घ्यायचे. पण गावात कोण घेणार? गावात स्वतःचं चित्र दोघंच करून घेतात. एक पुढारी आणि दुसरा मेलेला. पुढारी निवडणुकीला येतो. मेलेला बारा महिने येतो!

*

वीणाने डिजिटल कॅमेरा आणला तेव्हा पहिला फोटो माझा काढला. दुपारचं ऊन तोंडावर, आणि समोरच्या गटारात कोणीतरी सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, सालं ओतलेली. मी त्याच्या सात पिढ्या काढत होतो. तसाच काढलान! मग सराव म्हणून त्या फोटोतले माझे डोळे रेघांनी काढले आणि कॉम्प्युटरात "डोळे" नावाचा फोल्डर करून त्यात ठेवून दिले.

पुढच्याच आठवड्यात एक मुलगा आणि त्याची आई आली. बाप गेलेला, तेराव्याला फोटो हवा. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांचा फोटो जिवंतपणी काढत नाहीत, आयुष्य कमी होतं म्हणतात. मग माणूस मेला की फोटोग्राफरला बोलवायला पळतात! ह्या म्हाताऱ्याचा फोटो तसाच काढलेला. डोळे मिटलेले, नाकात कापूस.

मुलगा म्हणाला, "कापूस काढा, आणि डोळे तेवढे उघडून द्या."

कापूस काढणं सोपं. डोळे कुठून आणणार? वीणाने फोल्डर उघडला, माझे डोळे उचलले आणि म्हाताऱ्याला लावले. बरोब्बर बसले!

म्हातारीने फोटो लांब धरला, जवळ धरला. "बरे दिसतत," म्हणाली. "पण असे रागान कित्याक बघतत?"

मुलगा म्हणाला, "आये, तू तेंका कधी हसताना बघलंस?"

म्हातारीने खूप विचार केला. मग म्हणाली, "नाय."

फोटो पास!

त्यानंतर आमच्या बाजूला जो कोण मिटल्या डोळ्यांनी गेला त्याला माझे डोळे लागले. वीणा वरची रेघ जरा ताणायची, बाईमाणूस असलं तर काजळ घालायची. पण माल माझाच.

*

आता जना. मासळी बाजारात बसते. तिचा घोव, म्हणजे नवरा, कधीच गेला. मागे झील, म्हणजे मुलगा, यशो आणि चेडू, म्हणजे मुलगी, मंदा. यशो दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी होता. पावसाळा सरता सरता वाऱ्याने ट्रॉलर खडकावर घातला. बाकीचे पोहून आले. यशो आला नाही. त्याचं मढंही आलं नाही.

नातेवाईकांनी थोडे महिने बघितलं. मग म्हणाले, दर्भाचा पुतळा करून जाळू आणि दिवसकार्य उरकू. घाईला कारण होतं. मंदाचं लग्न देवगडला ठरलेलं. मुलगा बरा, माणसं बरी. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. कार्य नाही तर सुतक सुटलं नाही, आणि सुतकातली मुलगी घरात कशी घेणार? मे महिन्यापर्यंत थांबू, नाहीतर दुसरीकडे बघू.

जना दुकानात आली ती माशांची पाटी डोक्यावर घेऊनच. कमरेच्या बटव्यातून तिने एक फोटो काढला. नारळी पौर्णिमेचा. ट्रॉलरवर सगळे खलाशी उभे, आणि मधोमध यशो हसतोय. ऊन समोरून, त्यामुळे डोळे गच्च मिटलेले. जगात त्या पोराचा तेवढाच फोटो!

"वीणा, माझ्या झिलाचे डोळे उघडून दी गो," ती म्हणाली. "एकदा तेका डोळे उघडून माझ्याकडे बघांदे. तवसर मी पुतळो जाळूक देवचंय नाय. मंदाचा लगीन मोडला तरी नाय."

वीणाने आठवडाभर खपून चेहरा काढला. केस, हनुवटीवरचा व्रण, सगळं. डोळे फोल्डरमधले. प्रिंट जनाच्या हातात दिला. जनाने तो उजेडाकडे धरला. मग माझ्याकडे बघितलं. परत फोटोकडे बघितलं.

"शिरां पडो! हे तर पेंटराचे डोळे!"

एवढ्या घरांत माझे डोळे लटकलेले, आजपर्यंत कोणी ओळखले नव्हते! वीणाने विचारलं, "मावशी, तुमका कसा समाजला?"

"अगो, आयुष्यभर डोळे बघून मासो घेतलंय मी. हे शिळे डोळे आसत!"

मला शिळा म्हणाली! माझ्या दुकानात, माझ्या बाकड्यासमोर उभी राहून! आणि पाटी उचलून चालती झाली.

*

पुण्याचा एक वेबवाला होता. किनाऱ्यावर नवीन रिसॉर्ट झालं, त्याची वेबसाइट तो करत होता. त्याने वीणाला फोन केला, "मॅडम, एक आनंदी मच्छीमार हवा. हसरा, पारंपरिक."

वीणाने दत्तूला धरला. दत्तू रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून मोठं जाळं ओढणारा. त्याचा फोटो काढला, रेघांनी चित्र केलं. दत्तूला पुढचे दोन दात नाहीत. वीणाने ते लावले. डोळ्यांच्या बाजूच्या सुरकुत्या पुसल्या. मी म्हटलं, "आता ह्यो दत्तू खंय रवलो?" ती म्हणाली, "बाबा, आनंदी होयो तेंका. दत्तू नको."

वेबसाइट चालू झाली. दत्तू बघायला आला. तेव्हा आमचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून, कर्र कर्र करत यायचं. चित्र वरून खाली हळूहळू उघडत होतं, आधी टोपी, मग कपाळ. दात दिसले तेव्हा दत्तूने आपल्या तोंडावर हात ठेवला. चित्राखाली लिहिलेलं, "आमच्या किनाऱ्यावर आपले स्वागत आहे." दत्तूने ते दोनदा वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या जागी जाळं सुकवायला गेला. तिथे आता रिसॉर्टच्या खुर्च्या. वॉचमन शिट्टी मारत धावला, "ए! इकडे नाही! गेस्ट बसतात!"

दत्तू म्हणाला, "अरे मेल्या, तुमच्या वेबसाइटीर मी आसंय!"

वॉचमन म्हणाला, "मग तिकडेच राहा ना!"

दत्तू आता जाळं आमच्या दुकानामागे सुकवतो. घाण वास येतो. मी रोज शिव्या घालतो. वेबसाइटवर तो अजून हसतोच आहे.

*

जना मात्र सुटली नव्हती. बाजार उठला की यायची, पाटी उंबऱ्यावर ठेवायची. मांजरं जमायची. वीणा काहीतरी नवीन करून दाखवायची आणि जना नको म्हणायची.

एकदा वीणाने मंदाला बसवून तिचे डोळे काढले. भाऊ-बहीण, ठेवण एकच. यशोच्या चेहऱ्यात ते इतके छान बसले की मीसुद्धा बाकड्यावरून उठून बघायला गेलो. जनाने बघितलं. तिने पदराला हात पुसले आणि एक बोट त्या डोळ्यांवर ठेवलं. मला वाटलं, झालं, सुटलो एकदाचे!

ती म्हणाली, "डोळे बरे आसत. पण हे बहिणीचे डोळे. मंदा भावाकडे बघता तसा बघतत. माका आवशीकडे बघणारे होये."

आता आईकडे बघणारे डोळे कुठल्या फोल्डरमध्ये मिळतात?

*

बस्त्याव मास्तर रिटायर होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. त्यांची बायको मारिया गेली. गोव्यातल्या नातेवाईकांकडून फोटो मागवला तर लग्नातला मिळाला. नवरी आहे, तेव्हा मान खाली, पापण्या खाली. वीणाने केस पांढरे केले, गाल उतरवले आणि डोळे लावले. कोणाचे ते सांगायला नको. मास्तरांनी फोटो जेवणाच्या टेबलासमोर लावला.

आठ दिवसांनी फोटो घेऊन परत आले. "बाये, हे डोळे खाली कर."

"कित्याक, मास्तरानू?"

"माझ्या बायकोने आयुष्यात माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. आता जेवायला बसलो की नजर हलवत नाही! घास उतरत नाही घशाखाली."

वीणाने डोळे खाली केले. नवा प्रिंट घेऊन गेले. थोड्या दिवसांनी पुन्हा दारात!

"परत वर कर," म्हणाले.

"आता काय झाला?"

मास्तर छत्रीच्या मुठीकडे बघत राहिले. "एकट्याने जेवावं लागतं," म्हणाले.

म्हणजे हिशेब करा. तो म्हातारा रोज दोन वेळ माझ्या डोळ्यांसमोर जेवतो. नाताळातसुद्धा एकदा बोलावलान नाही!

*

वीणाच्या डोक्यात खूळ आलं. एवढे डोळे, नाकं, मिशा, पदर, टोप्या जमल्यात, तर त्यांचा एक संच करून इंटरनेटवर ठेवूया. जगातल्या कोणाही वेब डिझायनरने उचलावे, हवे तसे जोडावे, रंग बदलावा. चामडीच्या रंगांची एक पट्टीही तिने त्यात घातली. आमच्या खलाशांच्या पाठीच्या रंगापासून दुधापर्यंत. फुकट.

"फुकट कित्याक?" मी विचारलं.

"नाव होता, बाबा."

तो संच वर चढवायला चार दिवस लागले. अर्ध्यावर आलं की लाइट जायची, की पुन्हा पहिल्यापासून. फोन कायम एंगेज. शेजारणीची सासू वारली तर तिच्या पोराला पळत जाऊन एसटीडी बूथ गाठावा लागला. शेजारीण महिनाभर बोलली नाही.

मग एक दिवस मेल आलं. परदेशातल्या कोणी तरी वेबवाल्याने माझे डोळे केक विकणाऱ्या बाईच्या चित्राला लावलेले. गोरी गोरी बाई, हातात केक, आणि बघते अशी की गिऱ्हाइकाने तिचा बाप मारला असावा!

वीणा म्हणाली, "बाबा, तुमचे डोळे परदेशात गेले!"

"पासपोर्टाशिवाय?"

"हो तर!"

"मगे मस्कतात पण गेले असतले. तुझ्या घोवाक सांग, बापाशीचे डोळे इलेत, दिसले तर वळख दाखव म्हणान."

वीणा हसली नाही. मी तिला हसवायला बोललोही नव्हतो.

*

भिकू माझा चुलतभाऊ. आमचं वैर माडांच्या बांधावरून. बांध कोणाचा हे आमच्या बापांना ठाऊक नव्हतं, आम्हालाही नाही, पण बोलणं बंद होतं ते बंदच. भिकू मेला तेव्हा त्याच्या घरच्यांनी मला कळवलं नाही. पण फ्लेक्स करायला कोणाकडे आले? वीणाकडे!

वीणानेही काम घेतलं. धंदा तो धंदा. भिकूला माझे डोळे लावून "भावपूर्ण श्रद्धांजली" छापून दिलं. आणि त्यांनी तो फ्लेक्स नेमका आमच्या दुकानासमोरच्या खांबाला बांधला. माझ्या बाकड्याच्या अगदी समोर!

यशो बुडायच्या आधीचा पूर्ण उन्हाळा भिकू माझ्याच डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता. मी बाकडं फिरवलं. तर मानेला मागून जाणवायचं. वाऱ्याने फ्लेक्स फाटला, तोंड गेलं, नाव गेलं. राहिले काय, तर डोळे!

पावसाच्या तोंडावर फ्लेक्स उतरवला. आमच्याकडे जुना फ्लेक्स कोणी टाकत नाही. होडीच्या इंजिनावर घालतात, गोठ्याला लावतात. एक दिवस परसात गेलो तर आमच्या लाकडांच्या रचीवर भिकू!

"वीणा! ह्यो हयसर कसो?"

"तेंच्या सुनेन दिल्यान. म्हणाली, तुमच्याच घरातलो आसा."

मी लाकडांकडे बघितलं. बांधावरनं ज्याच्याशी बोललो नाही तो मनुष्य आता माझी लाकडं सुकी ठेवत होता.

"उलटो घाल," मी म्हटलं. "लाकडांकडे बघांदे तेका."

*

एप्रिल सरला. देवगडहून शेवटचा निरोप आला. लग्नाची तारीख ठेवायची की सोडायची ते कळवा.

मंदा एकटी दुकानात आली. माझ्या बाकड्याच्या टोकाला बसली. ओढणीचं टोक पिळत होती. "आबा, तुमी तरी सांगा आयेक," म्हणाली. "माझ्या तोंडार ती आता बोलना नाय. भाव गेलो. आता लगीन पण जातला."

तेवढ्यात जना आली. पाटी उंबऱ्यावर. मांजरं हजर. "वीणा, काय नवीन केलंस?"

वीणाने मान हलवली. तिच्याजवळ आता नवीन काही उरलं नव्हतं.

"मगे उद्या येतंय," जना म्हणाली.

माझं डोकं फिरलं. मी उठलो. "जने! उद्या नाय, परवा नाय! झील गेलो तुझो! येवचो नाय तो! माशांनी खाल्लो तेका! जो गेलो तेच्या डोळ्यांसाठी जिता आसा त्या चेडवाक पुरतंस काय?"

वीणाचा हात माउसवरून खाली आला. मंदा तोंड झाकून रडायला लागली. जास्त बोललो असं तुम्ही म्हणाल. म्हणा. कोणीतरी बोलायलाच हवं होतं, आणि गावात हलकट तोंड माझंच!

जना रडली नाही. ती सरळ माझ्यासमोर आली. बांगड्याचा वास येणाऱ्या हाताने तिने माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे फिरवलं.

"हलू नकात," म्हणाली.

"सोड गो! खुळी झालंस काय?"

"वीणा! बघ! बेगीन बघ गो, लवकर! असोच! यशो माझ्यावर चिडलो की असोच बघी! 'आये, माका ट्रॉलरार जावचाच आसा,' म्हणालो ना, तेव्हा असोच बघलो!"

"मावशी," वीणा म्हणाली, "पण हे तेच डोळे. पयल्याच दिवशी लावलेले. तुमी नको म्हटलास!"

"ते दुसऱ्या कोणावर चिडलेले," जना म्हणाली. "हे माझ्यावर."

वीणाने कॅमेरा उचलला. मी शिव्या देत होतो, जनाने हनुवटी सोडली नाही. फोटोत तिची दोन बोटंही आलीत.

*

पुतळा जाळला. किनाऱ्यावर, गावाच्या नेहमीच्या जागेवर. जाळायच्या आधी जनाने यशोचा नवा फोटो दोन्ही हातांनी आपल्या तोंडासमोर धरला. त्याच्याशी काहीतरी बोलली. वारा होता, ऐकू आलं नाही. तिने एकदा नकाराची मान हलवली, एकदा होकाराची. मग दिराला म्हणाली, "लाव काडी."

त्या फोटोला तिने हार घातला नाही. कोणी घालायला गेलं तर हात धरायची.

*

मी लग्नाला जात नाही. भात गार असतो आणि माणसं आपल्याला विचारतात, "मुलगो कधी येता?" पण मंदाच्या लग्नाला वीणाने ओढत नेलं. जना सांगून गेली होती, पेंटर आले नाहीत तर मी घरी येऊन उचलून नेईन. तिने नेलंही असतं! पाटी उचलणारी बाई, तिला मी काय जड!

देवळाच्या मंडपात लग्न. पुढच्या रांगेत एक खुर्ची, आणि खुर्चीत यशोचा फोटो टेकून ठेवलेला. देवगडची माणसं त्या खुर्चीजवळ बसत नव्हती. मी दोन खुर्च्या सोडून बसलो. तरी बाजूने बघत होता!

मंगलाष्टकं झाली. होम झाला. लाह्या झाल्या. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने पुढे यायचं, नवऱ्याचा कान धरून पिळायचा. बहिणीला नीट वागवलं नाहीस तर मी आहे, एवढंच त्याचं सांगणं.

भटजी म्हणाले, "मुलीचा भाऊ कोण? भावाने पुढे यावं."

मंदाने मान खाली घातली. तिचा एक चुलतभाऊ अर्धा उठला. जना त्याला म्हणाली, "तू बस."

मग ती आली ती माझ्याकडे!

"पेंटरानू, उठा."

"खंय?"

"नवऱ्याचो कान पिळूक."

"जने, माझा वय काय? लोक हसतले!"

"हसांदेत. उठा."

मी खुर्चीतल्या फोटोकडे बघितलं. तो माझ्याकडे चिडून बघत होता. उठलो. गुडघे वाजले ते सगळ्यांनी ऐकले. नवऱ्याजवळ गेलो, कान धरला. माझे हात थरथरतात, त्यामुळे कान नको इतका पिळला गेला. "आई गं!" नवरा ओरडला. मंदा रडता रडता हसली.

देवगडची एक म्हातारी मागून मोठ्याने म्हणाली, "अगो बाये! नवरीचो भाव ह्यो? इतको म्हातारो?"

जनाने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"दर्यात होतो," ती म्हणाली. "दर्यात माणसाक म्हातारपण बेगीन येता."